सहभागाचा शोध : मार्कोस राजवटीनंतरचे फिलिपिनो साहित्य

फिलिपीन्सच्या आधुनिक साहित्याचे कालखंड पाडताना २५ फेब्रुवारी १९८६ हा दिवस सीमारेषा म्हणून घेण्याचा प्रघात आहे, आणि त्याला सबळ कारणही आहे. त्या दिवशी फर्डिनांड मार्कोस आणि त्यांची पत्नी इमेल्डा मनिलातील मलाकान्यांग हा राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद सोडून अमेरिकेच्या आश्रयाने हवाईकडे निघाली आणि वीस वर्षांची सत्ता, जिची शेवटची साडेतेरा वर्षे उघड हुकूमशाहीची होती, चार दिवसांच्या निःशस्त्र लोकउठावापुढे संपली. परंतु ही रेषा राजकीय इतिहासाला जितकी सोयीची आहे तितकी ती साहित्याच्या इतिहासाला नाही. मार्कोस राजवटीवर बोट ठेवणाऱ्या कितीतरी महत्त्वाच्या कविता, नाटके आणि कादंबऱ्या त्या राजवटीच्या छायेतच लिहिल्या गेल्या होत्या, आणि राजवट गेल्यावर जे लिहिले गेले त्याचा विषयही दीर्घकाळ तीच राजवट राहिला. बदलला तो लेखकापुढचा प्रश्न. हुकूमशहा सत्तेवर असताना जे दिसते आहे ते सांगायचे कसे, हा पेच होता. तो गेल्यावर हे सारे कोणाकोणाच्या हातून घडले, हा पेच उभा राहिला, आणि त्याला सामोरे जाताना लेखकाला आपल्या वर्गाकडे, आपल्या घराकडे, पुष्कळदा आपल्या चळवळीकडेही वळून पाहावे लागले. या अवघड वळणाचा माग काढणे हा पुढील विवेचनाचा हेतू आहे.

मराठी वाचकाला फिलिपीन्स हा देश बहुधा मॅगसेसे पुरस्कारामुळे ऐकून माहीत असतो. विमान अपघातात मृत्यू पावलेले राष्ट्राध्यक्ष रामोन मॅगसेसे यांच्या स्मरणार्थ मनिलाहून दिला जाणारा हा पुरस्कार १९५८ साली विनोबा भावे यांना, तर १९८५ साली, म्हणजे मार्कोस सत्तेवर असतानाच, बाबा आमटे यांना मिळाला होता. ज्या शहरातून हा सन्मान जाहीर होत होता त्या शहरात तेव्हा काय चालले होते, याची मात्र आपल्याकडे फारशी वाच्यता झाली नाही. मार्कोस १९६५ साली निवडून आले, १९६९ साली पुन्हा निवडून आले, आणि तिसऱ्यांदा निवडणूक लढवण्यास तेव्हाच्या राज्यघटनेची मनाई असल्याने २१ सप्टेंबर १९७२ ही तारीख घातलेल्या फर्मानाद्वारे त्यांनी देशभर लष्करी कायदा पुकारला. काँग्रेस, म्हणजे तेथील संसद, बंद झाली. वृत्तपत्रे, नभोवाणी आणि दूरचित्रवाणीची केंद्रे ताब्यात घेण्यात आली. विरोधी नेते, प्राध्यापक, विद्यार्थी आणि पत्रकार यांना छावण्यांमध्ये डांबण्यात आले. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या नेहमी उद्धृत होणाऱ्या अंदाजानुसार या काळात सुमारे ७०,००० माणसे तुरुंगात गेली, ३४,००० जणांचा छळ झाला आणि ३,२४० जण मारले गेले. जानेवारी १९८१ मध्ये हा कायदा कागदोपत्री उठवला गेला, तरी फर्मानाने राज्य करण्याचा अधिकार मार्कोस यांनी स्वतःकडेच ठेवला. २१ ऑगस्ट १९८३ रोजी विरोधी नेते बेनिग्नो अक्विनो परदेशातून परतले असता मनिलाच्या विमानतळावर त्यांची हत्या झाली, आणि तेथून ही राजवट उताराला लागली.

या वर्षांतील साहित्याने बोलण्याच्या ज्या वाटा शोधल्या त्या समजल्याशिवाय नंतरच्या साहित्याचा बदललेला सूर ओळखू येत नाही. पत्रकार आणि कवी होसे लाकाबा यांची प्रॉमिथियसविषयीची इंग्रजी कविता १९७३ साली सरकारधार्जिण्या ‘फोकस’ साप्ताहिकात टोपणनावाने छापून आली. तिच्या ओळींची आद्याक्षरे खाली खाली वाचत गेल्यास मार्कोस यांना हिटलर, हुकूमशहा आणि परक्यांचे पाळीव कुत्रे ठरवणारी घोषणा तयार होत होती, हे ध्यानात येईपर्यंत अंक वाचकांच्या हाती पडलेला होता. लाकाबांना १९७४ साली अटक झाली आणि त्यांचा अमानुष छळ झाला. देशातील अग्रगण्य इंग्रजी लेखक निक होआकिन यांना १९७६ साली ‘राष्ट्रीय कलावंत’ हा सन्मान देऊ करण्यात आला, तेव्हा लाकाबांची सुटका झाली तरच तो स्वीकारू, अशी अट होआकिन यांनी घातली आणि सरकारला ती मानावी लागली. त्याच वर्षी होसे यांचा धाकटा भाऊ एमॅन्युएल लाकाबा, जो विलक्षण गुणवान कवी होता आणि लेखणी ठेवून मिंदानाओ बेटावरील कम्युनिस्ट बंडखोरांत सामील झाला होता, पकडला जाऊन मारला गेला. तेव्हा त्याचे वय अवघे २७ होते. बोनिफासियो इलागान यांनी १९७७ साली ख्रिस्ती उपासनेच्या विधीचा आराखडा घेऊन नाटक रचले आणि प्रार्थनेच्या जागी शेतकऱ्यांची आणि कामगारांची गाऱ्हाणी बसवली. कॅथलिक धर्माचे प्राबल्य असलेल्या या देशात तो आकृतिबंध प्रत्येक प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेला होता आणि पोलिसांना त्यावर सहजासहजी बोट ठेवता येत नव्हते, हे त्या रचनेचे बळ होते.

कादंबरीच्या प्रांतात याच काळात एक मोठी गोष्ट घडली. १९५० साली सुरू झालेल्या पालांका पुरस्कारांत, जे तेथील सर्वांत प्रतिष्ठेचे वाङ्मयीन पुरस्कार आहेत, १९८० साली कादंबरीचा समावेश झाला आणि लुआलहाती बाउतिस्ता या लेखिकेने फिलिपिनो भाषेतील तीन कादंबऱ्यांसाठी तो १९८०, १९८३ आणि १९८४ असा तीन वेळा मिळवला. त्यांपैकी ‘देकादा ’७०’, म्हणजे सत्तरचे दशक, ही कादंबरी आजही त्या काळाचे सर्वाधिक वाचले जाणारे चित्रण आहे. अमांदा बार्तोलोमे ही मनिलाची मध्यमवर्गीय गृहिणी, तिचा वर्चस्व गाजवणारा नवरा आणि पाच मुलगे असा तिचा पसारा आहे. थोरला मुलगा भूमिगत होतो, एकाचा निर्घृण खून होतो, आणि मुलांच्या काळजीपोटी जागी झालेली आई हळूहळू राज्यसत्तेविषयी, आणि मग घरातल्या सत्तेविषयीही, प्रश्न विचारू लागते. ही कादंबरी मार्कोस सत्तेवर असताना लिहिली गेली, पुरस्कृत झाली आणि प्रसिद्धही झाली, यावरून तेथील लेखकांच्या धैर्याची कल्पना यावी. तरी तिची नैतिक मांडणी तुलनेने सरळ आहे: अन्याय करणारे घराबाहेर आहेत, आणि घर त्यांच्यामुळे पोळले जाते. पुढील तीस वर्षांच्या साहित्याला ही सरळ मांडणी पुरली नाही.

ती का पुरली नाही, याचे मूळ १९८६ च्या उठावाच्या रचनेतच आहे. एपिफानियो दे लोस सांतोस या हमरस्त्यावर, ज्याच्या आद्याक्षरांवरून हा उठाव ‘एड्सा’ म्हणून ओळखला जातो, लाखो माणसे रणगाड्यांसमोर जपमाळा घेऊन उभी राहिली; परंतु ती ज्यांच्या रक्षणासाठी जमली होती ते दोन बंडखोर होते लष्करी कायद्याचा कारभार पाहणारे संरक्षणमंत्री हुआन पोन्से एन्रिले आणि त्या काळात निमलष्करी पोलीस दलाचे प्रमुखपद सांभाळणारे सेनाधिकारी फिदेल रामोस. ज्या छावण्यांत कवींचा छळ झाला त्या ज्यांच्या अखत्यारीत होत्या, तेच नव्या लोकशाहीचे शिल्पकार ठरले; रामोस तर १९९२ साली राष्ट्राध्यक्ष झाले. अक्विनो यांच्या विधवा पत्नी कोराझॉन यांनी सत्तेवर येताच राजकीय कैद्यांची मुक्तता केली आणि १९८७ ची राज्यघटना आणली, हे त्यांचे ऋण कोणी नाकारणार नाही. पण २२ जानेवारी १९८७ रोजी, सत्तांतराला वर्षही झाले नसताना, जमीनसुधारणेची मागणी घेऊन मलाकान्यांगजवळच्या मेंदियोला पुलापाशी आलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि किमान १२ जण ठार झाले. कोराझॉन यांच्या माहेरची सहा हजार हेक्टरांहून मोठी ऊसजमीन कुळांच्या हाती जाण्यास पुढे कित्येक वर्षे लागली. मानवी हक्कांच्या चौकशीसाठी ज्येष्ठ विधिज्ञ होसे दियोक्नो यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, परंतु तिचे काम पूर्णत्वाला गेले नाही, आणि काय घडले व कोणी केले याचा अधिकृत सत्यशोधन अहवाल या देशाला मिळाला नाही. राज्याने जो जमाखर्च मांडायचा तो न मांडल्यामुळे त्याचा मोठा भार साहित्यावर येऊन पडला, आणि त्या साहित्याचे मोल जोखताना हा भार सतत लक्षात ठेवावा लागतो.

सत्तांतरानंतरचे पहिले पीक तुरुंगातून आले. १९८४ मध्ये पकडल्या गेलेल्या कवयित्री मिला आगिलार आणि कम्युनिस्ट पक्षाचे संस्थापक कवी होसे मारिया सिसोन हे दोघेही १९८६ साली मुक्त झाले. एमॅन्युएल लाकाबाच्या कविता थोरल्या भावाने संकलित करून त्याच वर्षी ग्रंथरूपाने आणल्या. हे लेखन साक्षीचे आहे आणि साक्ष म्हणूनच ते वाचायला हवे. त्यात सर्वत्र कलात्मक सफाई शोधणे रास्त नाही. याहून वेगळ्या, महत्त्वाकांक्षी वळणाची कृती १९८८ मध्ये न्यूयॉर्कमधून आली. लष्करी कायद्याखाली कैद भोगून पुढे परदेशी गेलेल्या निनोच्का रोस्का यांच्या ‘स्टेट ऑफ वॉर’ या इंग्रजी कादंबरीत तीन तरुण मित्र एका बेटावरच्या जत्रेत येतात. जत्रेच्या गर्दीत हुकूमशहाला बॉम्बने उडवण्याचा कट शिजतो आहे, आणि मधल्या प्रदीर्घ भागात लेखिका या तिघांच्या पूर्वजांना स्पॅनिश राजवटीपर्यंत मागे नेते. जमीनदार, धर्मगुरू, अमेरिकी वसाहतकार आणि त्यांच्या अनौरस संततीचे धागे असे गुंतत जातात की छळ करणारा आणि छळ सोसणारा यांच्यात रक्ताची नाती निघतात. हुकूमशाही ही एका माणसाची विकृती नसून चारशे वर्षांच्या मालकीहक्काची निष्पत्ती आहे, हा विचार फिलिपिनो कादंबरीत इतक्या ताकदीने त्यापूर्वी क्वचितच आला होता. दोन वर्षांनी आलेल्या जेसिका हागेदोर्न यांच्या ‘डॉगईटर्स’ने चित्रपट, नभोवाणी-मालिका आणि गप्पाटप्पा यांच्या तुकड्यांतून मनिलाचे झगमगते आणि भेदरलेले रूप उभे केले. अमेरिकेत तिचे मोठे स्वागत झाले, तर मायदेशी तिच्यावर परक्यांसाठी देशाचे भडक चित्र रंगवल्याचा आरोप झाला. तो आरोप पूर्णपणे निराधार नसला, तरी ज्या राजवटीने चित्रपट महोत्सवासाठी घाईने बांधलेल्या इमारतीचा भाग कोसळून १९८१ साली मजूर गाडले गेले, तिचे भडकपण हेच वास्तव होते, हेही विसरून चालत नाही.

खरे वळण मात्र १९९२ मध्ये दिसते, आणि ते मनिलात प्रसिद्ध झालेल्या, बाहेर फारशा न पोचलेल्या दोन इंग्रजी कादंबऱ्यांत. होसे दालिसाय हे १९७३ मध्ये विद्यार्थिदशेत तुरुंगात गेलेले लेखक. त्यांच्या ‘किलिंग टाइम इन अ वॉर्म प्लेस’चा नायक नोएल बुलाओंग खेड्यातून येतो, चळवळीत पडतो, कैद भोगतो आणि सुटल्यावर त्याच सरकारच्या नोकरीत शिरतो. त्याला कोणी विकत घेतलेले नाही की त्याने कोणाचा मोठा विश्वासघात केलेला नाही. पगार लागतो, संसार करावासा वाटतो, भीती असते, आणि या साध्या कारणांनी तो त्या यंत्राचा भाग होतो ज्याच्याविरुद्ध तो लढला होता. लेखकाने त्याला दोषमुक्त केलेले नाही आणि त्याचा धिक्कारही केलेला नाही. हुकूमशाही टिकते ती क्रूर माणसांपेक्षा अशा थकलेल्या, हुशार, सुशिक्षित माणसांच्या श्रमावर अधिक टिकते, हे इतक्या संयमाने सांगणारी दुसरी कादंबरी त्या साहित्यात दाखवता येणे कठीण आहे. एरिक गामालिंदा यांच्या ‘एम्पायर ऑफ मेमरी’मध्ये हाच विषय इतिहासलेखनाच्या अंगाने येतो. दोन मित्रांना मार्कोस यांच्याकडून काम मिळते ते देशाचा इतिहास नव्याने लिहिण्याचे, असा की वाचणाऱ्याला मार्कोस यांची सत्ता ही विधिलिखित वाटावी. ही कल्पना वास्तवापासून फार दूर नाही: सत्तरच्या दशकात ‘तादहाना’, म्हणजे विधिलिखित, याच नावाचा फिलिपिनो लोकांचा बहुखंडी इतिहास मार्कोस यांच्या नावे प्रसिद्ध होऊ लागला होता आणि त्याचे प्रत्यक्ष लेखन व्यावसायिक इतिहासकारांनी केले होते. सत्तेने विद्वानांना वापरले, असे म्हणून हा विषय सहज मिटवता आला असता. गामालिंदांना रस आहे तो विद्वानांना या कामात मिळालेल्या आनंदात, बनावट दस्तऐवज रचताना कल्पनेला आलेल्या बहरात, आणि म्हणून कादंबरीकाराच्या स्वतःच्या व्यवसायावरही तिचा रोख वळतो.

या दोन्ही कादंबऱ्या इंग्रजीत आहेत, ही बाब गौण नाही. शंभराहून अधिक भाषांच्या या देशात स्पॅनिश राजवटीच्या तीन शतकांनंतर आलेल्या अमेरिकी सत्तेने इंग्रजीला शिक्षणाची आणि प्रतिष्ठेची भाषा केले. १९८७ च्या घटनेने मुख्यतः तागालोगवर आधारलेल्या फिलिपिनोला राष्ट्रभाषा म्हटले आणि इंग्रजीलाही अधिकृत भाषा म्हणून ठेवले. परिणामी सुशिक्षित वर्गाच्या सहभागाची सर्वांत कठोर चिकित्सा ज्या भाषेत झाली ती बहुसंख्य वाचकांच्या घरातली भाषा नव्हती, तर फिलिपिनोतील लेखन, ज्याला मोठा वाचक लाभला, ते अधिक करून सोसणाऱ्यांच्या बाजूने बोलत राहिले. हुन क्रुस रेयेस यांच्यासारख्या कादंबरीकाराने ही विभागणी मोडली. १९८७ मध्ये पुस्तकरूपाने आलेली त्यांची, लष्करी कायद्याच्या पहिल्या दिवसांत घराबाहेर पळणाऱ्या शाळकरी मुलाची गोष्ट रस्त्यावरच्या बोलीत लिहिलेली आहे आणि तिच्यातल्या मुलाला कोणतीही विचारसरणी पुरती कळत नाही, हेच तिचे सामर्थ्य आहे. मनिलाबाहेरच्या भाषांनाही या दशकांत बळ मिळाले. इमेल्डा मार्कोस यांच्या आश्रयाखाली १९६९ मध्ये उघडलेल्या सांस्कृतिक केंद्राने सत्तांतरानंतर प्रांतांतील लेखकांकडे लक्ष वळवले. लिओन्सियो देरियादा यांनी पश्चिम विसाया भागात किनाराय-आ भाषेत लिहिणाऱ्यांची पिढीच घडवली. आणि १९९७ पासून पालांका पुरस्कारांत सेबुआनो, हिलिगायनोन व इलोकानो कथांचे स्वतंत्र विभाग सुरू झाले.

स्त्रियांच्या लेखनाला आलेला बहर या काळाचे दुसरे मोठे लक्षण आहे. हुकूमशाहीविरोधी लढ्यात स्त्रियांनी बरोबरीने सोसले होते आणि तरीही चळवळीच्या अंतर्गत व्यवहारात त्यांना दुय्यम स्थान होते. या अनुभवातून जोई बार्रिओस, मार्जोरी एवास्को यांच्या कविता आणि बाउतिस्तांच्या लेआ बुस्तामांते या दोन मुलांना एकटीने वाढवणाऱ्या नायिकेची कादंबरी उभी राहिली. १९९४ मध्ये नील गार्सिया आणि दांतोन रेमोतो यांनी संपादित केलेल्या ‘लादलाद’ या संग्रहाने समलिंगी पुरुषांच्या लेखनाला प्रथमच उघडपणे ग्रंथरूप दिले. राजकीय बंधने गळून पडल्यावर देह आणि घर यांविषयी बोलण्याची मुभा मिळाली, असे म्हणून काही समीक्षक या लेखनाला राजकारणापासून दूर जाणारे मानतात. ते मत पटण्यासारखे नाही, कारण सत्ता कोठे कोठे वस्ती करते याचा शोध या लेखकांनी तितक्याच निष्ठेने घेतला.

सर्वांत वेदनादायक आत्मपरीक्षण डाव्या चळवळीच्या आत झाले. १९८० च्या दशकात कम्युनिस्ट पक्षाच्या काही विभागांत सरकारी हेरांच्या शोधाच्या नावाखाली स्वतःच्याच कार्यकर्त्यांना पकडून, छळून मारण्याच्या मोहिमा चालल्या, आणि त्यांतून वाचलेल्या रॉबर्ट फ्रान्सिस गार्सिया यांनी २००१ मध्ये ‘टू सफर दाय कॉम्रेड्स’ हे पुस्तक लिहिले. मार्कोस यांच्या छावण्यांत जे तंत्र वापरले जात होते तेच जंगलातल्या छावण्यांत मुक्तीच्या नावाने वापरले गेले, हे लिहिणे म्हणजे शत्रूच्या हाती कोलीत देणे होय, असे मानणारे तेव्हा कमी नव्हते. गार्सियांनी ते लिहिले ते जमिनीखाली पुरलेल्या साथीदारांच्या नातेवाइकांसाठी, आणि मारणाऱ्यांनाही त्यांनी राक्षस म्हणून रंगवले नाही; हे भाबडेपणाने घडलेले नाही, तर माणूस कोणत्या विश्वासापोटी हे करू धजतो हे समजून घेण्याचा तो प्रयत्न आहे. बाउतिस्ता यांनी २००७ च्या ‘देसापारेसिदोस’मध्ये, म्हणजे बेपत्ता केले गेलेल्या माणसांविषयीच्या कादंबरीत, पूर्वी बंडखोरांत असलेली आई उभी केली आहे, जिने धामधुमीत आपले तान्हे मूल एका साथीदार स्त्रीच्या हवाली केले होते आणि जी कित्येक वर्षांनंतरही त्याचा शोध घेते आहे. ‘देकादा ’७०’ मधल्या आईशी तिची तुलना केली की दोन दशकांत लेखिका कोठून कोठे आली ते समजते: पहिल्या आईला मुलांचे म्हणणे समजून घ्यायचे होते, दुसरीला आपल्याच निवडीचा जाब मुलांना द्यायचा आहे. मर्लिंदा बोबिस यांची २०१२ ची ‘फिश-हेअर वुमन’ ही कादंबरी १९८७ मधल्या बिकोल प्रांतात घडते, जेथे नव्या लोकशाही सरकारने गनिमी योद्ध्यांविरुद्ध पुकारलेल्या सर्वंकष युद्धात सैनिक आणि बंडखोर यांच्यामध्ये गाव भरडले जाते आणि लांबलचक केसांची एक स्त्री नदीतून प्रेते ओढून काढते. हुकूमशाही गेल्यानंतरही नदीत प्रेते येत होती, हे या कादंबरीने नोंदवून ठेवले.

सहभागाच्या शोधाचे टोक जीना अपोस्तोल यांच्या ‘गन डीलर्स डॉटर’मध्ये गाठले जाते, जी मनिलात २०१० मध्ये आणि अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. नायिका सोल ही राजवटीला शस्त्रे पुरवणाऱ्या धनाढ्य दलालांची मुलगी आहे. विद्यापीठात ती क्रांतिकारक विद्यार्थ्यांत ओढली जाते, एका अमेरिकी अधिकाऱ्याच्या हत्येच्या कटात तिचा हात असतो, आणि आईवडिलांची संपत्ती तिला परिणामांपासून सहीसलामत दूर नेऊन ठेवते, तर गरीब साथीदारांच्या वाट्याला वेगळेच येते. अपराधाच्या ओझ्याने तिची स्मृती मोडलेली आहे. ती त्याच प्रसंगांकडे पुन्हा पुन्हा येते, प्रत्येक वेळी तपशील थोडा हलतो, आणि तिच्या कथनावर कितपत विसंबावे हे वाचकाला स्वतः ठरवावे लागते. विस्मरण ही येथे केवळ मानसिक व्याधी नाही; ज्यांना परवडते त्यांनाच ते मिळते, आणि बाकीच्यांना आठवणींसह जगावे लागते. मिगेल सिहुको यांची ‘इलुस्त्रादो’, जिला हस्तलिखित असतानाच २००८ चा मॅन एशियन पुरस्कार मिळाला, हीदेखील सुखवस्तू लेखकवर्गाची झडती घेते, परंतु तिच्यात रचनेच्या करामतीचा सोस अधिक आहे आणि अपोस्तोल यांच्या कादंबरीत जी जखम जाणवते ती तिच्यात जाणवत नाही.

या साऱ्या शोधात एक मोठी रिकामी जागा राहून गेली, आणि तिचा निर्देश केल्यावाचून हे चित्र प्रामाणिक होणार नाही. लष्करी कायद्याच्या काळातील सर्वांत मोठा संहार दक्षिणेकडील मुस्लिम प्रदेशात, म्हणजे स्वतःला मोरो म्हणवणाऱ्या लोकांच्या भूमीत झाला: फेब्रुवारी १९७४ मध्ये होलो हे शहर जाळले गेले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पालिंबांग येथे मशिदीत कोंडलेल्या पुरुषांची हत्या झाली. मनिलाकेंद्री कादंबरीने राजधानीतल्या तुरुंगांचे तपशील कसोशीने जपले, पण या घटना तिच्या कक्षेत फार उशिरा आल्या. क्रिसेल्दा याबेस यांची ‘बिलो द क्राइंग माउंटन’ ही होलोच्या बंडावरची कादंबरी या दृष्टीने मोलाची आहे.

दरम्यान राजकारणाचे चाक उलटे फिरत होते. इमेल्डा मार्कोस १९९१ मध्ये परतल्या आणि पुढे लोकप्रतिनिधी झाल्या; १९८९ मध्ये हवाईत मरण पावलेल्या मार्कोस यांचा देह १८ नोव्हेंबर २०१६ रोजी वीरांच्या राष्ट्रीय दफनभूमीत पुरण्यात आला; आणि मे २०२२ मध्ये त्यांचे पुत्र राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. तोवर राज्याने २०१३ च्या कायद्यान्वये ११,१०३ व्यक्तींना त्या राजवटीचे बळी म्हणून अधिकृत मान्यता दिलेली होती, म्हणजे पुराव्याचा अभाव हे कारण उरले नव्हते. निवडणुकीनंतर लगेचच गुप्तवार्ता विभागाच्या तत्कालीन प्रमुखांनी आदार्ना हाउस या बालसाहित्याच्या प्रकाशनसंस्थेवर, तिने लष्करी कायद्याविषयीची मुलांची पुस्तके संचरूपाने सवलतीत विकायला काढल्यामुळे, मुलांना भडकवल्याचा आरोप केला. ऑगस्ट २०२२ मध्ये फिलिपिनो भाषा आयोगाने विध्वंसक ठरवून पाच पुस्तकांची छपाई आणि वितरण थांबवण्याचा आदेश काढला, ज्यांत नाटककार मालू हाकोब यांचेही पुस्तक होते, आणि लेखकांनी त्याचा जाहीर निषेध केला. २०२५ च्या फ्रँकफर्ट पुस्तकमेळ्यात फिलिपीन्स सन्माननीय अतिथी देश होता, तेव्हा मार्कोस यांच्या मुलाच्या सरकारने पाठवलेल्या शिष्टमंडळाबरोबर मार्कोस यांच्याविरुद्ध लिहिलेली पुस्तकेही जगापुढे मांडली गेली.

इतके लिहूनही हे घडले, यावरून साहित्य अपयशी ठरले असा निष्कर्ष घाईने काढला जातो. साहित्यिक कादंबरीची आवृत्ती ज्या देशात बहुधा हजारभर प्रतींची निघते, तेथे निवडणुकीच्या निकालाची जबाबदारी कादंबरीकारावर टाकणे अन्यायाचे आहे; समाजमाध्यमांवरून पसरवलेल्या सुवर्णयुगाच्या बनावट कथा आणि शालेय पुस्तकांतील मौन यांचा वाटा त्याहून कितीतरी मोठा आहे. तरीही एक कठीण प्रश्न उरतो, आणि तो लेखकांनीच स्वतःला विचारायला सुरुवात केली आहे. १९९२ पासून ज्यांच्या सहभागाची चौकशी झाली ते शस्त्रांचे दलाल, इतिहासकार, नोकरशहा, कवी आणि कॉम्रेड होते. २०२२ मध्ये मार्कोस यांच्या मुलाला मत देणारे ३ कोटी १० लाखांहून अधिक लोक होते, आणि त्यांत असे असंख्य होते ज्यांच्या वाट्याला १९८६ नंतरच्या लोकशाहीने जमीन, रोजगार आणि सन्मान यांपैकी काहीच आणून दिले नव्हते, ज्यांच्या घरातील कोणीतरी आखातात, हाँगकाँगमध्ये किंवा जहाजावर राबत होते. त्यांना फसवले गेलेले अजाण लोक म्हणून रंगवणारे लेखन त्याच जुन्या सुशिक्षित अहंकाराची पुनरावृत्ती ठरेल. त्यांच्या नाराजीची कारणे त्यांच्या भाषांत ऐकून, दालिसाय यांनी नोएल बुलाओंगकडे ज्या संयमाने पाहिले त्याच संयमाने त्यांच्याकडे पाहणारी कादंबरी १९८६ नंतर जन्मलेल्या लेखकांकडून अपेक्षित आहे, आणि तिची पूर्वतयारी म्हणून वर उल्लेखिलेल्या कृतींचे वाचन पुढील प्रकरणांत कालक्रमाने केले आहे.